विमान होणारा सीनू

सीनूबद्दल कोणी चांगलं बोललं की मला राग येतो, आणि कोणी वाईट बोललं की त्याहून जास्त येतो. म्हणून त्याचा विषय निघाला की मी बहुतेक वेळा चहा अर्धा टाकून उठतो. परवा अशोक चौकातल्या टपरीवर मात्र उठता आलं नाही. शेजारच्या बाकावर कॉलेजातली पोरं एका मोबाइलवर डोकी घालून खिदळत होती. कोणता व्हिडिओ चाललाय ते मी न बघताच ओळखलं. वरून हसण्याचा आवाज चिकटवलेला होता, पण त्याच्याखाली बारीकसा आमचाच साइड ड्रम वाजत होता.

माझा बँड आहे. लग्नं, जयंत्या, गणपती, कोणाच्या दुकानाचं उद्घाटन. सगळं सोलापूर मला मास्तर म्हणतं. शाळेशी माझा संबंध सातवीतच संपला. पाच-सहा वर्षांपूर्वी वरातींमध्ये रोबो आले. फायबरचा सांगाडा, अंगभर लायटी, उंच बूट, आणि आत एखादा घामाघूम पोरगा. तो हात वरखाली करायचा, पोरांबरोबर फोटो काढायचा आणि जेवून जायचा. आम्हाला त्यांचं काही वाटायचं नाही. बँडपुढे घोडी असते, तसा आता हा.

मग भवानी पेठेतल्या एका वरातीत सीनू आला.

तो छोट्या टेम्पोतून उतरला तेव्हा इतर रोबोंसारखाच दिसला. जरा ओबडधोबडच. निळ्या प्लास्टिकच्या पिंपाची छाती, अॅल्युमिनियमच्या पट्ट्या, गादीचा फोम, वर चंदेरी रंग. पाठीवर कपाटाच्या दारांसारखं काहीतरी घडी घातलेलं. वरात चौकात थांबली. तो माझ्याजवळ येऊन हेल्मेटच्या आतून म्हणाला, "मास्तर, ड्रम वाजवत ऱ्हावा. मी हात वर केला की थांबू नका." मी वाजवायला सांगितलं. तो गुडघ्यावर बसला, मग पालथा झाला. पाठीवरची दारं फाटकन उघडून पंख झाले, डोक्यावरून टोकदार नाक खाली आलं, पाय जुळून शेपटी झाली. रस्त्यावर माणूस उरलाच नाही. एक लढाऊ विमान उभं होतं. पायाशी बांधलेले दोन भुईनळे पेटले आणि ते विमान छातीखालच्या चाकांवर सुसाट निघालं, ते थेट नवरदेवाच्या घोडीच्या पायांमधून.

घोडी दोन पायांवर उभी राहिली. नवरदेव खाली आला, फेटा गटारात गेला. मुलीचा बाप सीनूला मारायला धावला. पण तोपर्यंत अख्ख्या वरातीतली पोरं सीनूभोवती जमली होती आणि नवरदेवाचाच धाकटा भाऊ त्याचा नंबर मागत होता. मी त्याला म्हणालो, अरे, घोडीनं लाथ घातली असती तर डोकं फुटलं असतं. त्यानं हेल्मेट वर केलं. विशीतला, किडकिडीत, एक भुवई अर्धी जळालेली. हसून म्हणाला, "होतंय की ओ मास्तर. तुमी कशाला भ्याताव?"

"होतंय की" हे त्याचं सगळ्यावरचं उत्तर. पंख अडकला, होतंय की. पोटरी भाजली, होतंय की. त्याच्या दोन्ही पोटऱ्यांवर भुईनळ्यांचे डाग होते, जुन्यावर नवे. त्यावर तो काहीच लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच भुईनळा बांधायचा.

त्याचं खरं नाव श्रीनिवास. घरी तेलुगू, बाहेर मराठी, आणि आमच्या क्लॅरिनेटवाल्या गफूरचाचांशी दखनी. विडी घरकुल या कामगार वसाहतीत दोन खोल्या. वडील नरसय्या यंत्रमागावर, आई विड्या वळायची. नरसय्याइतका गप्प माणूस मी पाहिला नाही. आयुष्यभर मागांच्या खडखडाटात राहिल्यामुळे त्याला कमी ऐकू यायचं, आणि ऐकू येत नाही म्हणून की काय, तो बोलायचाही कमी. सीनूनं आयटीआय अर्ध्यात सोडलं तेव्हाही तो काही बोलला नाही. मागावर ये, एवढंच एकदा म्हणाला म्हणे. त्यावर सीनूनं दिलेलं उत्तर सीनूनंच मला फुशारकीनं सांगितलं होतं. "मी म्हणलं, नान्ना, तुमी जन्मभर मशीनपुढं उभारला. मी मशीनच होतो की."

त्या मशीनचं नाव त्यानं तुफान ठेवलं होतं. तुफानची एक गोष्टही होती आणि ती तो लहान पोरांना अगदी गंभीरपणे सांगायचा. दूरच्या कुठल्या ग्रहावरच्या फौजेतला हा सगळ्यात तरुण शिपाई. सेनापती म्हणाला थांब, की हा निघालाच. म्हणून त्याला फौजेतून काढलं आणि तो सोलापुरात येऊन पडला. सोलापुरातच का, असं एका पोरीनं विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "हितं ऊन चांगलं हाय. चार्जिंग होतंय."

हे ऊन त्याला एकदा भोवलं. मे महिन्यातली वरात, तीही टळटळीत दुपारी, कारण मुहूर्तच तसा होता. फायबर आणि फोमच्या आत माणसाचं काय होत असेल ते त्यालाच ठाऊक. मी पाण्याची बाटली पुढे केली. समोर पोरं होती, म्हणून त्यानं घेतली नाही. हेल्मेट उचललं की आत माणूस आहे हे पोरांना दिसलं असतं. हळूच मला म्हणाला, "मशीनला तहान लागत नसतीय मास्तर." मग तो नाचला, लढला, विमान झाला, परत उभा राहिला, आणि तसाच उभा राहिला. हलेना. पोरं ओरडायला लागली, चार्जिंग संपलं, चार्जिंग संपलं. एक-दोघांनी ढकलूनही पाहिलं. आतला सांगाडाच असा होता की माणूस बेशुद्ध झाला तरी तो उभाच राहायचा. माणसं हसत होती. गफूरचाचांनी क्लॅरिनेट बगलेत धरून पुढे होत त्याचं हेल्मेट उपसलं, तर आत डोळे पांढरे झालेले. चाचांनी आपल्या टोपीनं वारा घातला, तोंडावर पाणी मारलं. "पानी पी रे पोट्टे," म्हणत त्याला मांडीवर घेतलं. शुद्धीवर आल्यावर सीनू सगळ्यात आधी चाचांवर चिडला. पोरांसमोर हेल्मेट का काढलं म्हणून. आपल्या नातवाच्या वयाच्या पोराची ती बोलणी चाचांनी ऐकून घेतली. मला त्या दिवशी त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली होती.

तसं पाहिलं तर अनेकदा वाटली होती. तो चांगला मुलगा होता असं म्हणणारे लोक त्याच्याबरोबर कधी राहिलेले नाहीत. गणपतीच्या मिरवणुकीत एकदा दोन मंडळांचे रोबो समोरासमोर आले. दुसऱ्या रोबोत मोहोळचा एक साधा पोरगा होता. खोटी लढाई करायची, दोन हात हवेत फिरवायचे आणि पुढे जायचं, असं ठरलं होतं. सीनूनं त्याला खरोखर हाणला. त्याचा फायबरचा हात तुटला आणि आतलं मनगटही मोडलं. नंतर मी विचारलं, काय मिळालं तुला? त्याला माझा प्रश्नच कळला नाही. "लढाई म्हणल्यावर लढायचंच की," म्हणाला. मोहोळच्या पोराला बघायला मात्र तो दोनदा गेला. तिथे जाऊन त्यानं त्याचा तुटलेला हात नवा बनवून दिला. फायबरचा.

आणि चाकं. तुफानच्या पोटाखाली सुरुवातीला बॅगांची चाकं होती, ती दर आठवड्याला झिजायची. मग एके दिवशी जाडजूड, बेअरिंगची, लोण्यासारखी फिरणारी चाकं आली. त्यांच्यावर पालथा पडून तो अक्कलकोट रोडच्या उतारावरून ट्रकच्या बरोबरीनं खाली यायचा. ट्रकवाला शिव्या द्यायचा, हा पंख हलवून दाखवायचा. ती चाकं नरसय्याच्या कारखान्यातल्या सुताच्या गाड्याची होती. बापाचा डबा द्यायला गेला आणि काढून आणली. मालकानं कोणाला काही विचारलं नाही. नरसय्याला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. वीस-बावीस वर्षं त्याच मागांवर काम केलेला माणूस. तो दुसऱ्या कारखान्यात लागला, लांबच्या, रात्रपाळीला. घरी त्यानं चाकांचं नाव काढलं नाही. मला हे सीनूच्या आईनं सांगितलं. मी सीनूला तोंडावर विचारलं, तर तो दुसरीकडे बघत म्हणाला, "लागलं की दुसरीकडं काम." पण त्यानंतर बरेच दिवस तो रात्री बापाला कारखान्यावर गाडीवरून सोडायला जायचा. चाकं परत केली नाहीत.

तर असा तो. आता भाऊंच्या वाढदिवसाचं.

भाऊ म्हणजे कोण, ते सांगण्यात अर्थ नाही. प्रत्येक गावात एक असतो आणि वाढदिवसाला त्याच्या उंचीएवढे फ्लेक्स लागतात. मैदानात स्टेज होतं, आमचा बँड होता, आणि भाऊंना घालायचा भलामोठा फुलांचा हार उचलायला हायड्रा क्रेन मागवली होती. सीनूचं काम जमिनीवरचंच होतं. स्टेजपुढे विमान व्हायचं आणि भाऊंना सलाम करायचा. क्रेन पाहिल्यावर त्याच्या डोळ्यांत जे आलं ते मी पाहिलं. लोक आता म्हणतात, भाऊंच्या पोरांनी त्याला वर चढवलं. नाही. तो स्वतः त्यांच्याकडे गेला आणि म्हणाला, "हार कशाला? मला उचला. वरनं फुलं टाकतो." त्यांना ते आवडलं. न आवडायला त्यांचं काय जाणार होतं?

क्रेनवाला वळसंगकडचा, वयस्कर माणूस. तो आधी तयारच होईना. हे माल उचलायचं हाय, माणूस न्हाय, असं तो परत परत सांगत होता. कोणीतरी त्याला बाजूला नेऊन दटावलं. शेवटी तो म्हणाला, दोन पट्टे बांधणार असलास तर उचलतो. एक पाठीला, एक कमरेला. सीनूनं दोन्ही बांधून घेतले. पण कमरेच्या पट्ट्यामुळे उजवा पंख उघडेना. त्यानं दोनदा करून पाहिलं, आणि तिसऱ्यांदा कमरेचा हुक काढून टाकला. मी शेजारीच होतो. म्हणालो, सीनू, ते लाव परत. पंख नाही उघडला तरी चालेल. कोण बघतंय?

तो हेल्मेट घालता घालता थांबला. म्हणाला, "लढाऊ विमानाला दोरी असती व्हय ओ मास्तर?"

मग तो वर गेला. खोटं कशाला सांगू, तसं दृश्य सोलापुरानं पाहिलं नव्हतं. मावळतीचं ऊन त्या चंदेरी पत्र्यांवर आलं होतं. तो पालथा, हात पुढे, स्टेजच्या वर तरंगत होता. भाऊ स्टेजवरून वर बघून हात जोडत होते. मैदानातून जो आवाज उठला त्यात आमचा बँड बुडून गेला. पायाशी भुईनळे पेटले. डावा पंख उघडला. उजव्यासाठी त्यानं हिसका दिला, मग दुसरा. त्या हिसक्यांनी तो अर्धा फिरला आणि भुईनळ्यांची धार वर, पाठीच्या नायलॉनच्या पट्ट्यावर आली. क्रेनवाल्याला ते दिसलं. तो केबिनमधून काहीतरी ओरडत होता आणि त्याला खाली घ्यायला लागला होता. पण नायलॉनला जळायला कितीसा वेळ लागतो?

तो स्टेजच्या कडेच्या लोखंडी खांबावर आपटून खाली आला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. हे मला विसरता येत नाही. त्यांना वाटलं, विमान उतरलं. पोरं पुढे सरसावून आता उठेल, आता उठेल म्हणत होती. आमचे मागच्या रांगेतले लोक वाजवतच होते, त्यांना दिसलंच नव्हतं. लोकांना कळलं तेव्हा कोणीतरी माइक घेऊन सांगितलं की घाबरू नका, किरकोळ आहे, कार्यक्रम चालू राहील. भाऊंच्या पोरांपैकी दोघांनी त्याला सांगाड्यासकट रिक्षात कोंबला. पत्रा बाहेर राहिला म्हणून रिक्षाचं कापड फाडलं. मला मागून सांगण्यात आलं, बँड चालू करा. मी काठी उचलली. गफूरचाचांनी क्लॅरिनेट तोंडाला न लावता डब्यात ठेवली आणि डब्याचं झाकण लावलं. मग कोणालाच फुंकता येईना. भाऊंचं भाषण बँडशिवाय झालं.

कमरेखाली सगळं गेलं होतं. दवाखान्यात मी गेलो तेव्हा तो छताकडे बघत पडला होता. त्याची आई पायथ्याशी बसून त्याचे तळवे चोळत होती. त्याला ते कळत नव्हतं आणि कळत नाही हे तिला माहीत होतं. तिनं मला एकच विचारलं, "तुमी तितंच होता ना मास्तर?" होतो, म्हणालो.

सीनूनं मला जवळ बोलावलं. मला वाटलं, रडेल. तो म्हणाला, "पंख उघडले होते का?"

मी म्हणालो, डावा उघडला. उजवा नाही.

"पंखाची क्लिप बदलायला पायजे होती," तो म्हणाला. आणि मग तोंड भिंतीकडे फिरवलं.

भाऊंची माणसं फळं घेऊन आली. फोटो काढला. मग त्यांच्यातल्या एकानं खुर्ची ओढून त्याला समजावलं की बाबा, विचारायला लोक येतील, तर जे खरं आहे तेच सांग. विचारणारे आले तेव्हा सीनूनं तेच सांगितलं: मला कोणी सांगितलं नव्हतं, पट्टा मीच काढला, भुईनळे मीच बांधले. सगळं खरं होतं. त्याच्या आयुष्यातलं ते एकमेव खरं असेल जे कोणाच्यातरी कामाला आलं. त्यानंतर ती माणसं परत आली नाहीत, आणि येण्याचं त्यांना कारणही उरलं नव्हतं.

त्या दिवसाचा व्हिडिओ दोन तुकड्यांत फिरतो. पहिला तुकडा भाऊंच्या पोरांनी ठेवला. विमान वर चढतं, भाऊ हात जोडतात, आणि तिथंच तो संपतो. खाली लिहिलंय, भाऊंना आकाशातून मानवंदना. दुसरा तुकडा गावानं ठेवला. तो सुरूच होतो पडण्यापासून, आणि त्यावर हसण्याचा आवाज आहे. दोन्ही जोडून पाहणारा कोणी मला अजून भेटलेला नाही. टपरीवरच्या पोरांना मी म्हणालो, पुन्हा लावा. त्यांना वाटलं, म्हाताऱ्याला आवडलं. त्यांनी लावला. मी तो शेवटपर्यंत पाहिला आणि पैसे देऊन निघालो.

सीनूला दवाखान्यातून घरी आणल्यावर काही दिवसांनी त्याच्या मामानं तेलंगणातून टेम्पो पाठवला. त्याचे तिथे स्वतःचे माग होते आणि नरसय्याला त्यावर काम होतं. सकाळी मी आणि गफूरचाचा त्यांना निरोप द्यायला विडी घरकुलात गेलो. टेम्पोत भांडी, कपाट, विड्यांची सुपं, आणि या सगळ्यांच्या मध्ये गादीवर सीनू. तुफानचे तुकडे कुठे गेले ते मी विचारलं नाही. तो सुजल्यासारखा झाला होता, दाढी वाढलेली. चाचांकडे त्यानं पाहिलं नाही. मला म्हणाला, "तुमचा बँड लई हळू वाजतोय मास्तर. पब्लिक झोपतंय." याहून वेगळं तो काय बोलणार होता? मी म्हणालो, बघतो.

ऊन चढायला लागलं होतं. नरसय्या टेम्पोच्या हौद्यावर ताडपत्री बांधत होता. सीनू तेलुगूत ओरडला, बांधू नका, उघडं ठेवा, मला वारा पाहिजे, माझं डोकं मागे बाहेर काढा. नरसय्या बांधत राहिला. सीनू पुन्हा ओरडला आणि हातांनी ताडपत्री ओढायला लागला. नरसय्या हातातली दोरी सोडून वर चढला आणि त्यानं सीनूच्या थोबाडीत मारली. त्या माणसानं कोणावर हात उचललेला मी तरी कधी पाहिला नव्हता. मग तो खाली उतरला, उरलेली दोरी बांधली, पुन्हा चढून लेकाच्या शेजारी बसला आणि आतून पडदा ओढून घेतला. आई पुढे ड्रायव्हरजवळ होती. तिनं मागे वळून पाहिलं नाही.

टेम्पो निघाला. गल्लीच्या तोंडाशी वेग कमी झाला, तेव्हा ताडपत्रीच्या कडेतून सीनूचा हात बाहेर आला. बोटं दोरीची गाठ शोधत होती. ती सापडली, आणि सैल करायला लागली. मग आतून दुसरा हात आला, मागाच्या तेलानं काळवंडलेला. त्यानं सीनूचं मनगट धरलं आणि हळूच आत ओढून घेतलं.